असईचा ताळेबंद

भोकरदन तालुक्यात केळणा आणि जुई या दोन नद्या एकमेकींच्या जवळ येतात आणि त्यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात असई हे गाव आहे. १८०३ च्या सप्टेंबरात दौलतराव शिंदे आणि नागपूरचे दुसरे रघूजी भोसले यांची छावणी भोकरदनपासून असईपर्यंत पसरली होती. भोकरदनच्या अंगाला घोडदळ होते, तर असईच्या अंगाला कवायती पायदळ आणि शंभराच्या आसपास तोफा. २३ सप्टेंबरला दुपारी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने पिंपळगावाजवळ केळणा ओलांडली आणि संध्याकाळपर्यंत मैदान ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेले. शिंद्यांच्या ९८ तोफा इंग्रजांनी ताब्यात घेतल्या. या लढाईवर मराठीत बरेच लिहिले गेले आहे, पण ती चर्चा बहुतेक वेळा फितुरी आणि चुकलेले डावपेच यांपाशीच थांबते. या दोन्ही गोष्टी घडल्या, हे खरे आहे. तरी त्यांच्या मुळाशी एक तिसरी गोष्ट होती, असे मला वाटते. शिंद्यांनी आपले सैन्य त्या काळातल्या सर्वोत्तम शस्त्रांनी सजवले, मात्र त्या सजावटीचा दरमहाचा खर्च कोण भागवणार, कशातून भागवणार आणि त्या पैशाच्या किल्ल्या कोणाच्या हाती राहणार, याची घडी त्यांनी धोक्याच्या पायावर बसवली. शस्त्र नवे करण्याचा खर्च खरेदीच्या दिवशी संपत नाही, तो त्या दिवशी सुरू होतो. लढाऊ विमानांच्या आधुनिकीकरणावर आज हजारो कोटी रुपये खर्च होत असताना असईचा ताळेबंद पुन्हा मांडून पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

मुळात शिंद्यांनी काय उभे केले होते, ते आधी नीट पाहिले पाहिजे. दौलतरावांच्या आधी गादीवर असलेल्या महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये सव्हॉयच्या शांबेरी गावचा बन्वा द बॉइन्य नावाचा अधिकारी नोकरीत घेतला. आपल्या कागदपत्रांत आणि बखरींत तो डिबॉइन म्हणून येतो. त्याने सुरुवातीला दोन पलटणी उभ्या केल्या. लालसोट आणि आग्र्याच्या लढायांत त्या कसाला उतरल्या, तेव्हा महादजींनी १७९० मध्ये पूर्ण कंपू, म्हणजे अनेक पलटणींची ब्रिगेड, उभारायला परवानगी दिली आणि पुढच्या तीन वर्षांत आणखी दोन कंपू तयार झाले. पलटणीला स्वतःच्या तोफा, तोफांना बैल, बैलांना चारा, सैनिकाला एकसारखी बंदूक आणि दरमहा पगार अशी ही व्यवस्था होती. आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जात आणि बंदुका बनत. १७९० मध्ये पाटण आणि मेडता इथे या सैन्याने राजपूत घोडदळाचे हल्ले मोडून काढले आणि उत्तर हिंदुस्थानात शिंद्यांचा दरारा बसला. असईलाही हा दर्जा दिसला. वेलस्लीने अनपेक्षित जागी नदी ओलांडल्याचे पाहताच शिंद्यांच्या कवायती पायदळाचा सेनापती पोलमन याने आपली सगळी रांग काटकोनात वळवून त्याच्यासमोर उभी केली. इतक्या मोठ्या पायदळाला अशी हालचाल एवढ्या वेगाने जमेल, अशी वेलस्लीची अपेक्षा नव्हती. त्याच्या तोफा ओढणारे बैल आणि गोलंदाज मराठ्यांच्या माऱ्यात सुरुवातीलाच गारद झाले. लढाईत प्रत्यक्ष उतरलेल्या सुमारे साडेचार हजार कवायती सैनिकांपैकी दीड हजारांहून अधिक त्याने मृत आणि जखमींच्या रूपाने गमावले. म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त. शस्त्रांच्या आणि कवायतीच्या बाबतीत शिंदे मागे पडले नव्हते, हे एवढ्यावरून स्पष्ट होते.

आता या शस्त्रांमागचा पैसा पाहू. जुन्या मराठी फौजेत खर्च हजार हातांत वाटलेला असे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येई, सरदार आपल्या सरंजामातून पथक पोसत असे, मोहीम दसऱ्याला निघे आणि पावसाळ्यापूर्वी बहुतेक लोक आपापल्या शेतावर परतत. त्यात गैरव्यवहार होत, पथकातली घोडी कागदावर जास्त आणि मैदानात कमी भरत, तरी राज्याच्या तिजोरीवर दर महिन्याचा बोजा पडत नसे. कवायती फौजेने हे गणित पार बदलले. बंदूक राज्याची, तोफ राज्याची, गणवेश राज्याचा आणि पगार बारा महिन्यांचा. युरोपियन अधिकाऱ्यांचे पगार तर देशी मापाने फार मोठे होते आणि ते नर्मदेच्या दक्षिणेला मोहिमेवर आले की दीडपट होत. म्हणजे भोकरदनच्या परिसरात उभी असलेली फौज आग्र्यात उभ्या असलेल्या त्याच फौजेपेक्षा महाग पडत होती. तोफ एकदा ओतून झाली की ती पन्नास वर्षे टिकते, पण तिला ओढणारा बैल, दारू, गोळा, सुतार, लोहार आणि गोलंदाज यांना रोज काहीतरी लागते. तोफांची संख्या वाढते त्या प्रमाणात हा रोजचा खर्चही वाढत जातो आणि तो थांबला की सगळी तोफ निव्वळ धातूचा ओंडका होऊन पडते.

महादजींनी या खर्चावर एक उपाय काढला आणि तो त्या वेळी शहाणपणाचा वाटला. गंगा-यमुनेच्या दुआबातला, अलीगढच्या आसपासचा सुपीक मुलूख त्यांनी कंपूच्या खर्चासाठी जायदाद म्हणून डिबॉइनकडे लावून दिला. वसूल त्यानेच करायचा आणि पगारही त्यानेच वाटायचा, शिवाय वसुलावर त्याला स्वतःची टक्केवारी. याचा लाभ ताबडतोब दिसला. पगार वेळेवर होऊ लागला, सैनिक धरणे धरून बसेनासे झाले आणि महादजींच्या डोक्यावरचा एक मोठा तगादा गेला. महादजी आयुष्यभर कर्जात होते आणि पुण्याहून पैसा यावा म्हणून नाना फडणिसांशी त्यांची ओढाताण चालू असे, हे ध्यानात घेतले तर त्यांनी हा मार्ग का पत्करला ते कळते. पण या सोयीच्या पोटात धोका होता. ज्याच्या हाती सैन्य, त्याच्याच हाती महसूल आणि त्याच्याच हाती तोफांचा कारखाना. राज्याकडे उरला तो केवळ मालकीचा हक्क. डिबॉइन असेपर्यंत ही घडी विस्कटली नाही, कारण तो शब्दाला पक्का होता आणि महादजींची त्याच्यावर नजर होती. मात्र तोही इंग्रज कंपनीविरुद्ध लढायला राजी नव्हता, ही बाब तेव्हाच विचार करायला लावणारी होती. एखादी व्यवस्था चांगली आहे की तिथला माणूस चांगला आहे, याचा निवाडा तो माणूस गेल्यावर होतो.

महादजी फेब्रुवारी १७९४ मध्ये वानवडीला वारले आणि १७९५ अखेरीस डिबॉइनने राजीनामा दिला. त्याच्या जागी पेराँ आला आणि दुआबात तो जवळजवळ स्वतंत्र सुभेदारासारखा वागू लागला. इकडे दक्षिणेत दौलतरावांची फौज पुण्याच्या आसपास बसून होती आणि तिचा पगार थकत चालला होता. गादीसाठी मदत केल्याबद्दल दुसऱ्या बाजीरावाने दौलतरावांना दोन कोटी रुपये कबूल केले होते. ते देता येईनात, तेव्हा १७९८ मध्ये दौलतरावांचा कारभारी सर्जेराव घाटगे याला पुणे शहरातून पैसा उभा करायला मोकळीक मिळाली. त्याने सावकार, व्यापारी आणि जुन्या कारभाऱ्यांना ज्या यातना दिल्या, त्यांची आठवण पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिली. या प्रसंगाकडे एका क्रूर माणसाची कहाणी म्हणून पाहिले जाते. मला त्यात सैन्याच्या खर्चाचे कोलमडलेले अंदाजपत्रक दिसते. फौज ठेवायची ठरली होती, तिच्यासाठी नियमित उत्पन्न लावलेले नव्हते आणि म्हणून ती रक्कम अखेर नागरिकांच्या अंगावरून सोलून काढण्यात आली. त्याचा दुसरा परिणाम आणखी दूरगामी झाला. ज्या सावकारांच्या हुंड्यांवर मराठी राज्य चालत होते, त्यांचा विश्वास उडाला. अडचणीच्या वेळी कर्ज मिळणे हीसुद्धा लष्करी ताकद असते आणि ती पुण्यात गमावली गेली.

१८०३ च्या घटनाक्रमाची तारीखवार जुळणी केली की माझा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झाले. त्याच सुमारास गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्लीने, म्हणजे आर्थरच्या थोरल्या भावाने, जाहीरनामा काढून शिंद्यांच्या नोकरीतल्या ब्रिटिश आणि अन्य युरोपियन अधिकाऱ्यांना नोकरी सोडण्याचे आवाहन केले आणि त्यांच्या निर्वाहाची हमी दिली. ४ सप्टेंबरला जनरल लेकने अलीगढचा किल्ला घेतला. शिंद्यांची चाकरी सोडून आलेल्या लुकन नावाच्या अधिकाऱ्याने त्या हल्ल्यात वाट दाखवली होती. त्याच आठवड्यात पेराँने इंग्रजांकडे सुरक्षित वाट मागितली आणि तो बाजूला झाला. ११ सप्टेंबरला दिल्लीची लढाई झाली. म्हणजे असईच्या मैदानात २३ तारखेला तोफा धडाडू लागल्या, त्याआधीच त्या तोफा पोसणारा दुआब हातचा गेला होता, कंपूचा मुख्य सेनापती गेला होता आणि वसुलाची यंत्रणाही गेली होती. असईला उभे राहिलेले सैन्य मूळ तुटलेल्या झाडावरची फांदी होते. आणि तरीही ते लढले. इंग्रजांची रांग पुढे गेल्यावर तोफांखाली मेल्याचे सोंग घेऊन पडलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी मागून तोफा डागल्या. आपल्या तोफांपाशीच त्यांनी प्राण सोडले. दौलतराव आणि रघूजी तोवर मैदान सोडून गेले होते, भोकरदनच्या बाजूचे घोडदळ लढाईत आलेच नाही आणि पोलमनही उरलेले पायदळ मागे सोडून निघून गेला. तळातला माणूस निष्ठेने उभा होता, वरची व्यवस्था मात्र आधीच ढासळली होती.

यावर पहिला आक्षेप जुना आहे. मराठ्यांनी कवायती फौजेच्या नादी लागायलाच नको होते, गनिमी कावा आणि घोडदळ हेच त्यांचे खरे बळ होते, असे कंपनीच्या मन्रोसारख्या अधिकाऱ्यांनी त्याच काळात म्हटले आणि पुढे आपल्याकडेही ते मत रुजले. यशवंतराव होळकरांनी १८०४ मध्ये कर्नल मॉन्सनच्या फौजेची मुकुंदऱ्यापासून आग्र्यापर्यंत जी वाताहत केली, ती या मताच्या बाजूने मांडता येते. परंतु त्याच वर्षी नोव्हेंबरात फर्रुखाबादला लेकने यशवंतरावांच्या घोडदळाला पहाटे गाठून मोडले आणि डीग इथेही त्यांची फौज हरली. तटबंदीचे किल्ले घेणे, जिंकलेल्या मुलखात ठाणी बसवणे आणि वसूल टिकवणे ही कामे नुसत्या घोडदळाने होत नाहीत, हे महादजींना लालसोटच्या काळातच उमगले होते. पाटण आणि मेडता त्यांना कवायती पायदळानेच मिळवून दिले. तेव्हा शस्त्रे नवी करण्याचा निर्णय योग्यच होता. चूक त्या निर्णयाला पोसणाऱ्या आर्थिक रचनेत होती. या दोन गोष्टी वेगळ्या केल्या नाहीत तर आपण इतिहासातून उलटाच धडा घेऊ आणि आधुनिकीकरणालाच दोष देत बसू.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. खर्चाचे गणित कितीही नीट बसवले असते, तरी परक्या अधिकाऱ्यांनी दगा दिलाच असता आणि समुद्रापलीकडून पैसा आणणाऱ्या कंपनीपुढे शिंद्यांचा निभाव लागला नसता, असे कोणी म्हणेल. यातला पहिला भाग मला मान्य नाही. पगारी माणूस पगाराची शाश्वती असेल तिकडे झुकतो, हे गृहीत धरूनच कोणत्याही राज्याने आपली घडी बसवायला हवी. वीस वर्षांत शिंद्यांनी आपल्या माणसांतून पलटणीचे वरिष्ठ अधिकारी तयार केले नाहीत, वसूल आणि पगार यांच्या वाटा वेगळ्या ठेवल्या नाहीत. फितुरी हा त्या कसुरीचा परिणाम होता. दुसऱ्या भागाचे उत्तर रॅन्डॉल्फ कूपर या इतिहासकाराने २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रज-मराठा मोहिमांवरच्या आपल्या ग्रंथात सविस्तर दिले आहे. मराठ्यांचा तोफखाना आणि कवायत कमी प्रतीची नव्हती. हिंदुस्थानातला लष्करी बाजार, म्हणजे सैनिक, बैल, धान्य, अधिकारी आणि कर्ज यांच्यावरचा ताबा कंपनीने मिळवला, हे तिच्या विजयाचे खरे कारण असल्याचे त्याचे प्रतिपादन आहे. कंपनीही कर्जबाजारीच होती. लॉर्ड वेलस्लीच्या कारकिर्दीत तिचे कर्ज इतके फुगले की १८०५ मध्ये त्याला परत बोलावण्यामागे ते एक मोठे कारण ठरले. पण ती कर्ज काढत होती ते इथल्याच सावकारांकडून आणि ते तिला मिळत होते, कारण तिचे व्याज आणि सैनिकाचा पगार ठरल्या दिवशी मिळतो असा लौकिक होता. बैलांचे तांडे आणि बंजाऱ्यांचे धान्य यांचा हिशेब धाकटा वेलस्ली स्वतः तपासत असे. श्रीमंतीपेक्षा नियमितपणाने त्या लढाईचे पारडे झुकवले.

आता याच महाराष्ट्रातल्या ओझरकडे वळू. नाशिकजवळच्या या गावी हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ च्या परवानाधारक उत्पादनासाठी सुरू झाला आणि हवाई दलाचा क्रमांक ११ चा दुरुस्ती तळही इथेच आहे. लढाऊ विमानाचे आधुनिकीकरण करायचे म्हणजे जुना सांगाडा ठेवून त्यात नवे रडार, नवा संगणक, नवी क्षेपणास्त्रे आणि कधी नवे इंजिन बसवायचे. नव्या विमानापेक्षा हे स्वस्त पडते, असा त्यामागचा हिशेब असतो. मिग-२१ बायसनच्या बाबतीत तो हिशेब बऱ्याच अंशी खरा ठरला. १९९६ च्या करारानुसार १२५ विमाने सुधारायची ठरली, पहिली दोन रशियात आणि बाकीची नाशिकला. रशियन रडार आणि रडारचा इशारा देणारे भारतीय यंत्र बसवून एका जुन्या विमानाला नवे आयुष्य मिळाले. परंतु ही तात्पुरती सोय होती. तिची जागा घेणारे देशी तेजस विमान वेळेवर आले नाही, म्हणून ती लांबत गेली आणि शेवटचे मिग-२१ २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये निवृत्त झाले, पहिले आल्यानंतर ६२ वर्षांनी. शिंद्यांचा पगार थकला, आपला निर्णय थकला. थकलेल्या निर्णयाचे व्याजही भरावेच लागते, वैमानिकांच्या जोखमीत आणि घटलेल्या स्क्वाड्रनच्या संख्येत.

मिराज-२००० चे उदाहरण वेगळे आहे. २०११ मध्ये सुमारे पन्नास विमानांच्या आधुनिकीकरणासाठी फ्रेंच कंपन्यांशी जवळपास १४७ कोटी युरोचा करार झाला. नव्या रडारला साजेशी क्षेपणास्त्रे त्या रकमेत नव्हती. त्यांचा करार पुढच्या वर्षी वेगळा झाला आणि तोही शेकडो कोटी रुपयांच्या घरातला नव्हे, हजारो कोटींच्या घरातला. तोफ घेतली आणि गोळ्याचा खर्च नंतर समोर आला, असाच हा प्रकार. जॅग्वारच्या बाबतीत इंजिन बदलण्याचा विचार कित्येक वर्षे चालला आणि परकीय पुरवठादाराची किंमत परवडत नाही म्हणून २०१९ मध्ये तो सोडावा लागला. सुखोई-३० एमकेआय २००४ पासून नाशिकला बनू लागली, तरी महालेखापरीक्षकांच्या २०१५ च्या अहवालात तिची उड्डाणयोग्यता ७५ टक्क्यांच्या निकषाऐवजी ५५ ते ६० टक्के आढळली. सुटे भाग वेळेवर न मिळणे हे त्याचे एक कारण होते. म्हणजे शंभर विमाने विकत घेऊन त्यांतली चाळीस-पंचेचाळीस जमिनीवर उभी. कागदावरची घोडी आणि मैदानातली घोडी यांच्यातली जुनी तफावतच इथे नव्या रूपात दिसते.

दोनशे वर्षांपूर्वीची पितळी तोफ आणि आजचे संगणकावर उडणारे विमान यांची तुलना कशी होईल, असे विचारणे रास्त आहे. तोफेचे तंत्र पन्नास वर्षे बदलत नसे, विमानातला संगणक दहा वर्षांत जुना होतो. शिवाय शिंद्यांच्या दरबारात लेखापरीक्षण नव्हते. आज संसद, महालेखापरीक्षक आणि संरक्षण खरेदी परिषद आहे. हे फरक खरे आहेत. पण त्यांनी माझा मुद्दा कमजोर होत नाही, तो जास्तच तीव्र होतो. आग्र्याच्या तोफेचे रहस्य फार तर एका कारागिराच्या हातात होते आणि दुसरा कारागीर ते शिकू शकत होता. विमानाच्या आज्ञावलीची मूळ प्रत पुरवठादाराकडे असेल, तर एक नवे क्षेपणास्त्र जोडायलाही त्याची परवानगी आणि त्याने सांगितलेली किंमत लागते. याच्या उलट अनुभवही ओझरलाच आला. सुखोईवर ब्रह्मोस क्षेपणास्त्र बसवण्यासाठी विमानाच्या सांगाड्यात आणि आज्ञावलीत जे बदल लागले, ते भारतीय अभियंत्यांनी इथे केले आणि २५ जून २०१६ ला ते विमान नाशिकहून उडाले. ज्ञान आपले असेल तर खर्चाची बोलणी करण्याचे बळ आपोआप वाढते.

म्हणून आधुनिकीकरणाचा प्रत्येक प्रस्ताव मंजूर करताना कराराच्या रकमेबरोबर आणखी तीन आकडे जनतेपुढे यायला हवेत. विमानाच्या उरलेल्या आयुष्यातला दरवर्षीचा देखभालीचा खर्च, त्यासाठी राखून ठेवलेले उत्पन्न आणि पुरवठादाराने हात आखडता घेतला तर आपल्या हातात काय उरेल याचा अंदाज. गोपनीयतेची सबब यातल्या काही तपशिलांना लागू पडेल, सगळ्यांना नाही. सुखोईंच्या पुढच्या मोठ्या सुधारणेत रडार आणि संगणक देशी असावेत, हे धोरण मला याच कारणाने महत्त्वाचे वाटते. सुरुवातीला ते महाग पडेल, उशीरही होईल, पण त्या पैशाने आपला अधिकारी, आपला कारागीर आणि आपली विद्या तयार होईल. असईनंतर तीन महिन्यांनी झालेल्या सुर्जी-अंजनगावच्या तहात शिंद्यांनी दुआब, दिल्ली आणि आग्रा गमावले, आणि इंग्रजांशी युद्ध असलेल्या देशाचा माणूस नोकरीत न ठेवण्याची अटही मान्य केली. म्हणजे पैसा आणि विद्या या दोन्हींची मुळे एकाच कागदाने तोडली गेली. जेत्याला नेमके काय तोडायचे ते पक्के ठाऊक होते. शस्त्र विकत घेताना आपल्यालाही नेमके काय जपायचे, ते तितकेच पक्के ठाऊक असले पाहिजे.